मुंबईच्या बागेत जायच्या आधी

तीर्थपुरी,
ता. १४ एप्रिल २००२

कांता,

तुम्ही सगळे मे महिन्यात मुंबईची ती मोठी पाळण्यांची बाग बघायला चाललात, हे मला अंबडच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी उभं राहून कळावं? तुझा चुलता कडूबा सांगून राह्यला, "गोजरबाई, शिवकन्या लई खूश हाये, चार तारखेची तिकिटं काढलीत मास्तरनं." त्याला वाटलं मला आधीच ठाऊक असंल. मी बी म्हणलं, "हो, कळलंय की." या वयात भर बाजारात खोटं बोलायला लावलंस.

आता रामराम. आम्ही इकडं खुशाल. तुझ्या मामांचे गुडघे दुखतात, पण जीभ बराबर चालते. आता ते तुझे सासरे राह्यले न्हाईत अन् मी सासू राह्यले न्हाई, पण दुसरं काय लिहावं ते मला कुणी शिकवलं न्हाई. अक्षर तेवढं तू शिकवलंस, साक्षरतेच्या वर्गात, पुढच्या ओळीत बसवून. तर चुका सापडल्या तर त्या तुझ्याच धर.

पाच वर्षांत एक ओळ लिहिली न्हाई, आज लिहून राह्यले ते कामापुरतं. ती बाग मी बघितली आहे. मागच्या दिवाळीत धाकट्या धर्मराजनं मला कल्याणला नेल्तं, तिथून एक दिवस तो, नंदा, त्यांची पोर अन् मी तिकडं गेल्तो. बोटीत बसून जावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याची काय फजिती होते ते मला माहीत आहे, म्हणून सांगते. तुझ्या मास्तरला वाचून दाखव, मास्तर लोकांना कुणी काही सांगत न्हाई.

पहिलं म्हंजे जल्दी निघा. धर्मराज म्हणला, "आई, सुट्टी हाये, आरामात जाऊ." आरामात गेलो अन् रांगेत दोन तास वाळलो. आत गेल्यावर सगळी माणसं पहिल्याच पाळण्यावर तुटून पडतात. तुम्ही सरळ चालत पार टोकाला जा, तिकडचे खेळ आधी उरका, अन् माघारी येत येत दारापाशीचे करा. हे मला तिथल्या झाडणाऱ्या बाईनं सांगितलं, तिचं माहेर परतूरचं निघालं.

घरचं खाणं आत नेऊ देत न्हाईत. मी पंधरा धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. दारावरचा माणूस म्हणला, "आजी, हे आत जात न्हाई." मी म्हणलं, "पोटात तर जातं?" अन् तिथंच बाजूला फतकल मारून सगळ्यांना खाऊ घातलं. त्याला बी एक दिला, त्यानं घेतला. नंदाला लाज वाटली, ती पाठ फिरवून उभी राह्यली. दोन धपाटे तिनं पाठमोरीच खाल्ले. तुम्ही बोटीत बसायच्या आधी खाऊन घ्या. अन् खाल्ल्याबरोबर गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसू नका. धर्मराज बसला होता. पुढचं लिहीत न्हाई.

नवी चप्पल कुणाच्याच पायात नको. सगळ्यांचा एकेक जोड कपडा जास्त घ्या, पाण्याचे खेळ आहेत. तू पंजाबी ड्रेस घाल. दचकू नको, मीच लिहून राह्यले. घरात होतीस तेव्हा घालू दिला न्हाई, पण त्या चक्रात पदर सांभाळावा का जीव, ते समजत न्हाई.

मोठ्या पाळण्यापाशी एक खांब आहे अन् त्याच्यावर रेघ. रेघेपेक्षा ठेंगण्या लेकराला बसू देत न्हाईत. नंदाची पोर दोन बोटं कमी भरली, तिनं रडून गोंधळ घातला. म्हणून शिवकन्येला घरीच भिंतीला लावून मोज, म्हंजे तिथं जाऊन हिरमोड न्हाई. रेघ माझ्या छातीला लागत होती. चार वर्षांची असताना ती माझ्या कमरेला धरून उभी राह्यची, डोकं माझ्या पोटाला लागायचं. आता कुठं लागंल ते मला सांगता येत न्हाई. मोजलं की कळव. उगाच, माहीत असावं म्हणून.

लेकराच्या खिशात नाव अन् गावाची चिठ्ठी ठेवा. हात सोडू नका. तिथं हरवायला वेळ लागत न्हाई. मीच हरवले होते. गर्दी होती, चप्पल सटकली, मी मागं राह्यले, अन् बघते तर आपलं कुणीच न्हाई. एवढंच.

ता. १५

काल इथं थांबले. मामांना सांगितलं भाकरी टाकायच्या आहेत. भाकरी कधीच झाल्या होत्या.

चप्पल सटकली न्हवती. पुढून एक पोरगी चालली होती, आठ-नऊ वर्षांची. डावा पाय जरा बाहेर फेकत चालत होती. आपला शिवाजी तसाच चालायचा, तुला तर माहीत आहे. अन् शिवकन्या चालायला शिकली तेव्हाच मी म्हणलं होतं, पाय बापाचा घेतला. मी काही विचार केला न्हाई, नंदाच्या पोरीचा हात सोडला अन् तिच्यामागं चालत सुटले. लई लांब गेले. मंग तिनं वळून बघितलं. गुजराती का कोण होती, मला बघून हसली. चांगली पोरगी होती.

मला एका खोलीत नेऊन बसवलं. हरवलेली तीन लेकरं अन् मी. माईकवरची पोरगी विचारून राह्यली, "आजी, कोणासोबत आलात? नाव काय सांगू?" मालकाचं नाव आपल्यात घेत न्हाईत. माझ्या नावानं गावात मला कोण ओळखतं? शिवकन्या झाली त्या दिवसापासून सगळे मला शिवकन्येची आजीच म्हणतात, चक्कीवाला बी, कंडक्टर बी. तुम्ही गेल्यावर बी कुणी बदललं न्हाई, मी बी बदलू दिलं न्हाई. धर्मराजचं नाव सांगायचं ते सुचलंच न्हाई, तेच तोंडातून निघालं. "शिवकन्येची आजी म्हणा, कुणीबी येईल."

तिनं माईकवर सांगितलं, "शिवकन्या, तू जिथं असशील तिथून ये. तुझी आजी वाट बघून राह्यली." तिच्या बोलीत सांगितलं, पण असंच. तीनदा सांगितलं. सगळ्या बागेत ऐकू जातं ते, पार पाण्यापर्यंत.

धर्मराज येणार हे मला कळत होतं, मी काही खुळी न्हाई. पण कांता, मी दाराकडं बघत बसले ते त्याच्यासाठी न्हाई.

तो पळत आला, घामानं भिजलेला. "आई, वहिनी भेटली का? कुठंय शिवकन्या?" मी त्याच्या मागं बघून राह्यले अन् तो माझ्या मागं. मंग त्याला समजलं. त्यानं माझा हात धरला अन् पाणी पाजलं. येताना बोटीत नंदानं मला स्वतःजवळ खिडकीशी बसवलं. त्या दिवसापासून तिला मी टाकून बोलत न्हाई. म्हंजे कमी बोलते.

आता तुझ्या डोक्यात आलं असंल ते मीच लिहिते. तू दुसरं लग्न करून सेलूला निघालीस त्या दिवशी मी ओसरीवर उभी राहून म्हणलं होतं, "आजपासून पोरगी आम्हाला मेली." चार माणसांत म्हणलं. ती तुझ्या कडेवर होती, तिला दोन चॉकलेटं दिलेली होती, ती चघळत माझ्याकडं बघत होती. शिवाजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. काविळीनं माझा पोरगा नेला अन् वरून तू नात घेऊन चाललीस, एवढंच मला दिसलं. तू तेवीस वर्षांची होतीस ते दिसलं न्हाई. बोलले ते बोलले. गिळता येत असतं तर आतापर्यंत गिळलं असतं.

शाळेत तिला मास्तरचं नाव लावलं असं कडूबा म्हणला. लावा. तो तिच्या फीचा, वह्यांचा खर्चा करतो, तिला बाग दाखवायला नेतो. माझं काही म्हणणं न्हाई. होतं, आता न्हाई.

माझं काम एवढंच आहे. सेलूहून मुंबईला जाणारी दिवसाची गाडी दुपारी जालन्याला थांबते. मी विचारून घेतलं, पाच मिनिटं थांबते. चार तारखेला मी स्टेशनात उभी राहीन. तू उतरू नको. मास्तरला उठायला लावू नको. तिला फक्त खिडकीपाशी बसव. मी बोटीच्या आधी खायला काही देईन अन् बघून घेईन. रडणार तर बिलकुल न्हाई, तू मला ओळखतेस. मी कोण ते तिला सांगायचं नसंल तर नको सांगू, गावाकडची एक बाई म्हण.

पण न विचारता येऊन उभी राहणार न्हाई. न विचारता बोलून एकदा बघितलं आहे.

मामा आशीर्वाद सांगतात. त्यांनी सांगितलेला न्हाई, पण मी लिहून राह्यले हे बघून मघापासून दोनदा विचारलं, "पोरीला काय लिहिलंस?"

गोजरबाई

ता. क. जवाब तू लिहू नको, मास्तरनं बी न्हाई. ये लिहायचं असो का येऊ नको लिहायचं असो, शिवकन्येनं लिहायचं, तिच्या हातानं.