तळ्यावरची चौतीस झाडं

६ जानेवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. अन्याय नोंदवायला माणसाला हक्काची जागा हवी.
अन्याय असा: स्नोमोबाईलच्या, म्हणजे माझ्या बर्फावरच्या गाडीच्या, डाव्या मुठीतला हीटर बंद पडला. उजवा हात सुखात, डावा वनवासात. ज्या ट्रेलमास्टरच्या जिवावर क्लबच्या एकशे दहा मैल वाटा उघड्या राहतात, त्याचा एक हात जगाने असा वाऱ्यावर सोडावा! क्लोदेतला सांगितलं. ती म्हणाली, "मग तो खिशात घाल." सत्तावीस वर्षं संसार करूनही बायकोला नेतृत्व म्हणजे काय ते कळलेलं नाही.
संकल्प: (१) पेट्रोलपंपावरचा वाटांचा फलक रोज बदलायचा. (२) दर शनिवारी गोठलेल्या तळ्यावर भोकं पाडून बर्फाचा थर मोजायचा. एकही शनिवार चुकवायचा नाही. (३) साखर कमी.

१० जानेवारी, शनिवार
झाडं रोवली. नाताळ झाला की गाव आपापली फरची झाडं अंगणाबाहेर टाकतं आणि आम्ही ती गोळा करून तळ्यावर नेतो. भोक पाडायचं, झाड उभं करायचं, संध्याकाळपर्यंत पाणी गोठून झाड पक्कं. गाड्यांना तळ्यावरची वाट दाखवायला या काठापासून त्या काठापर्यंत चौतीस झाडं, एका रांगेत. पलीकडच्या काठावर राहणाऱ्या फर्नांदबाईंच्या झाडावर चंदेरी झिरमिळ्या तशाच होत्या. बाईंना म्हटलं, काढा की. म्हणाल्या, "राहू दे, ट्रेलमास्टरसाहेब. तळ्यात कुणीतरी सजलेलं असू दे."
थर बारा इंच. उत्तम.
आल्सीदकाका बघायला आले होते. तीस वर्षं तेच ट्रेलमास्टर. आता एकाहत्तर झाले, खुर्ची मला दिली, जीभ मात्र स्वतःकडे ठेवली. त्यांनी नियम पुन्हा ऐकवला, जणू मी बालवाडीत आहे: झाडं उभी असली म्हणजे थर याच आठवड्यात मोजलेला आहे. मोजला नसेल तर झाडं उपटायची. "फलक कोण वाचतो रे पोरा? माणूस झाडं बघतो आणि गाडी घालतो. तळं बोडकं दिसलं की आपोआप थांबतो."
हो म्हटलं. म्हाताऱ्यांना हो म्हणायला काही खर्च येत नाही.

१७ जानेवारी, शनिवार
पाऊस. जानेवारीत! अमेरिकेच्या या टोकाला, आमच्या उत्तर मेनमध्ये! लहानपणी या दिवसांत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठायची.
भोकं पाडली नाहीत. वरूनच पाणी पडत असताना खालचं पाणी कुठलं आणि वरचं कुठलं, हे देवालाही सांगता येणार नाही. हा आळस नव्हे, ही शास्त्रीय शिस्त.
डोनट तीन. हवेमुळे.

२४ जानेवारी, शनिवार
मोजलं! पाच भोकं. दहा, दहा, नऊ, नऊ, आणि फर्नांदबाईंच्या बाजूला ओढा तळ्यात शिरतो तिथे सात. गाडीला सहा पुरतात. म्हणजे एक इंच शिल्लक. शिल्लक असते तो श्रीमंत.
फलकावर तळ्याची खुंटी हिरवी, म्हणजे 'उघडं', ठेवली. येताना एकवीस मैल गाडी मारली. वाट कुठे काचेसारखी, कुठे नुसता चिखल, शाळेमागे तर उघडी खडी. फलकावर लिहिलं: "वाट वैविध्यपूर्ण."

२७ जानेवारी, मंगळवार
क्लबची सभा. वार्षिक सहल १४ फेब्रुवारीला. दक्षिणेकडून बेचाळीस पाहुणे गाड्या घेऊन येणार. तळं ओलांडून पलीकडच्या झोपडीत आल्सीदकाकांच्या बीन्सचं जेवण, ही बावीस वर्षांची परंपरा.
कुणीतरी विचारलं, तळं बंद ठेवावं लागलं तर? तर अडतीस मैलांचा वळसा, आणि तो जातो शेजारच्या सेंट ओदिल गावातून. म्हणजे जेवण सेंट ओदिलच्या क्लबात. त्यांचा ट्रेलमास्टर गेल्या आठवड्यात पंपावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुमचं तळं यंदा सूप झालंय म्हणे. चमचे आणू का?"
मी उभा राहिलो. म्हणालो, माझ्या कारकिर्दीत तळं एक दिवसही बंद राहणार नाही. टाळ्या. आल्सीदकाकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते पाइप साफ करत होते.

३१ जानेवारी, शनिवार
दोन दिवसांत चौदा इंच बर्फ पडला. देव आहे! तळं पांढरंशुभ्र, झाडांच्या कमरेपर्यंत. खाली थर आता पांघरूण घेऊन निवांत जाड होत असणार.
भोकं पाडायला निघालो होतो. ड्रिलचं पातं बोथट. बोथट पात्याने चुकीचे आकडे येतात. चुकीच्या आकड्यांपेक्षा आकडे नसलेले बरे. पातं धारेला टाकलं, शनिवारी मिळेल.

४ फेब्रुवारी, बुधवार
फर्नांदबाईंचा फोन. त्यांच्या खिडकीतून ओढ्याचं तोंड दिसतं. म्हणाल्या, "ट्रेलमास्टरसाहेब, तिथे बदकं पोहताहेत."
मी म्हटलं, बदकांना समज कुठे असते?
म्हणाल्या, "बदकांना नाही, पण पाण्याला असते. गोठलेल्या पाण्यावर बदक पोहत नाही, चालतं."
वर ऐकवलं की त्यांच्या बटाट्याच्या शेतातून वाट न्यायची परवानगी मागायला मी दर ऑक्टोबरात टोपी काढून त्यांच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्यांचं ऐकून घेणं मला बरं जमतं. विधवा बाई, एकटी राहते, दिवसभर खिडकीत. माणूस बदकंच बघणार.
तरी नोंद: शनिवारी ओढ्याच्या तोंडाशी आधी मोजायचं. नक्की.

७ फेब्रुवारी, शनिवार
पाठ. सकाळी मोजे घालताना उसण भरली. ड्रिल उचलणं शक्य नव्हतं. डोनट उचलता आले, पण त्याचे स्नायू वेगळे असतात.
पंपावर आल्सीदकाका भेटले. सरळ विचारलं, "भोकं पाडलीस?"
मी "हो" म्हणालो.
"ओढ्यापाशी किती?"
"साडेआठ."
का म्हणालो कोण जाणे. आकडा तोंडात तयारच होता. आणि हिशेब केला तर खोटाही नाही: चोवीसला सात, त्यात दोन आठवड्यांची थंडी, म्हणजे दीड इंच धरायला हरकत नाही. मी तो मोजला नाही एवढंच. हवामान खातं तरी कुठे मोजतं?
काका मान हलवून म्हणाले, "सातावरून एवढं चढलं? बरं. तू बघितलंस ना, मग झालं."

१० फेब्रुवारी, मंगळवार
तीन दिवस उबदार. छपरावरून पाणी गळतंय. वाटेवर सकाळी लोखंड, दुपारी खिचडी. दोनदा रुतलो. फलकावर "वाट वैविध्यपूर्ण" पुसून "वाट वसंतोत्सुक" लिहिलं. पंपवालीने विचारलं, याचा अर्थ काय? म्हटलं, जाणकारांना कळेल.
वाट सपाट करणारं मोठं यंत्र गेतां चालवतो. त्याला म्हटलं, शुक्रवारी तळ्यावरून एक फेरी मार, पाहुण्यांना गालिचा मिळेल. तो म्हणाला, "तू पुढे पायी चाल, मी मागून येतो." मी म्हटलं, माझी पाठ. तो म्हणाला, "माझीसुद्धा पाठ आहे, दादा. तिच्यामागे चार पोरं आहेत."
यंत्र तळ्यावर नेलं नाही. कामचुकार पिढी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
क्लोदेत जेवताना म्हणाली, "झाडं उपट, रोझेर."
मी सांगितलं की तळ्याचा विषय तांत्रिक आहे.
ती म्हणाली, "तांत्रिक काही नाही. सेंट ओदिलवाले हसतील म्हणून तू उपटत नाहीस. हसू दे. हसणारा माणूस बुडत नाही."
ताट घेऊन टीव्हीसमोर गेलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ
पाहुणे आले. बेचाळीस गाड्या, एकाहून एक नव्या. क्लबात भाषण केलं. "उद्या आपण तळ्यावरून जाऊ" म्हटल्यावर शिट्ट्या पडल्या.
ठरलं: उद्या पहाटे पाचला एकटा जाऊन भोकं पाडायची. पातं धार लावून आलंय, पाठ मोकळी आहे. सहाच्या वर आलं तर ठीक, नाही आलं तर झाडं उपटायची, मग सेंट ओदिलला जेवू. मी इतका मोठ्या मनाचा आहे हे मलाच माहीत नव्हतं.
आल्सीदकाका सकाळी सातला बीन्सचं मडकं घेऊन पुढे जाणार. मी त्याआधी परत येईन.

१४ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ६.५०
उशीर झाला. भाषणानंतर आग्रह झाला, आणि गजर बहुतेक क्लोदेतने बंद केला असावा. ती नाही म्हणते.
पण रात्री कडक गारठा पडलाय! खिडकीवर नक्षी आहे. म्हणजे थर आपसूक वाढलाय. निसर्गाने माझं काम केलं. कॉफी घेऊन निघतो.

१४ फेब्रुवारी, दुपार
आल्सीदकाका गेले.

१५ फेब्रुवारी, रविवार
नीट लिहून ठेवतो. माणसं नंतर वाटेल ते बोलतात.
सात वाजून दहा मिनिटांनी मी काठावर पोचलो. काका तळ्यावर होते, पलीकडच्या काठाजवळ, झाडांच्या रांगेने, मागे घसरगाडीवर मडकं. एकतिसाव्या झाडापुढे, ओढ्याच्या तोंडाशी, गाडी वाकडी झाली. आवाज नाही. मला वाटलं होतं आवाज होत असेल.
मी काठाकाठाने गाडी पळवली. फर्नांदबाईंच्या शेडवरून शिडी ओढून घेतली, विचारायला थांबलो नाही. पोटावर पडून शिडी पुढे सरकवली. काकांनी शेवटची पायरी धरली. माझ्याकडे बघत होते. मग पायरी धरलेली नव्हती. थर पुढून तुटत आला तशी शिडीसुद्धा गेली. फर्नांदबाईंनी मला पाय धरून मागे ओढलं. अडुसष्ट वर्षांची बाई.
पाणबुडे चारला आले. पाहुणे तोवर वळशाने सेंट ओदिलला गेले होते.
हेही नोंदवतो: फलकावर "वसंतोत्सुक" लिहिलेलं होतं. समजणाऱ्याला इशारा होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार
जंगल-तळ्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी वॉर्डन चौकशीला आली होती. तरुण, शांत, बूट दाराबाहेर काढून आली. तिने विचारलं, थर शेवटचा कधी मोजला?
म्हटलं, सात तारखेला. ओढ्यापाशी साडेआठ.
"एका आठवड्यात साडेआठचे तीन?" तिने त्यांच्या माणसांनी मोजलेला आकडा दाखवला. म्हटलं, यंदा हवा विचित्र आहे. हवा विचित्र आहेच. कुणालाही विचारा.
"काही लिहून ठेवता का?"
म्हटलं, नाही.
वही तिच्या कोपराजवळच होती, वर्तमानपत्राखाली. क्लोदेत ओट्यापाशी उभी होती. तिने नळ सोडला आणि भांडं नसताना बराच वेळ सोडून ठेवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
दफन एप्रिलात, गोठलेली जमीन सैल झाल्यावर. आज फक्त प्रार्थना. चर्च भरलं होतं. जेवण सेंट ओदिलच्या क्लबाने केलं: कोंबडीचा रस्सा, बकव्हीटच्या पिठाचे घावन, सगळं वेळेवर आणि गरम. त्यांच्या ट्रेलमास्टरने मला वाढलं. चमच्यांबद्दल काही बोलला नाही.
मला वाटत होतं काकांच्या पत्नी, लिओनाकाकू, माझ्याशी बोलणार नाहीत. त्यांनी स्वतः येऊन हात धरला. म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं होतं, रस्त्याने जा, मडकं गाडीत घालून देते. तर म्हणाले, अगं, रोझेरची झाडं उभी आहेत. तू मनाला लावून घेऊ नकोस हं."
बाहेर येऊन उभा राहिलो. क्लोदेत गाडी घेऊन आली.

२१ फेब्रुवारी, शनिवार
पहाटे उठलो. गजर लावला नव्हता.
लांब काठी घेऊन, कमरेला दोर बांधून झाडं उपटली. दोराचं दुसरं टोक काठावर गेतांच्या हातात. अठ्ठावीस झाडं निघाली. अठ्ठाविसाव्यापाशी भोक पाडलं: चार इंच. त्यापुढे जाता येत नाही. सहा झाडं तशीच उभी आहेत, ती थर गेला की जातील. दोन्ही काठांवर आडवा दोर बांधून लाल चिंध्या लावल्या. फलकावरची खुंटी लाल केली आणि "वसंतोत्सुक" पुसलं. खाली लिहिलं: तळं बंद.
वॉर्डनला फोन केला. म्हटलं, शेवटचा थर चोवीस जानेवारीला मोजला. ओढ्यापाशी सात. त्यानंतर मोजला नाही.
तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि सात तारखेचे साडेआठ?"
म्हटलं, ते मी म्हणालो होतो. तेच मी काकांनाही सांगितलं होतं.
म्हणाली, सोमवारी ऑफिसात या. म्हटलं, मी लिहून ठेवतो, वही आणतो.
दुपारी शहरातून शिडी आणली. ॲल्युमिनियमची, सोळा फुटी, आधीच्याइतकीच. फर्नांदबाई चर्चमध्ये चारच्या मिस्साला गेल्या होत्या. शेडच्या भिंतीवर दोन हूक आहेत. डावा हूक माझ्या ओढण्याने वाकला होता. तो पकडीने सरळ केला, शिडी टांगली, हलवून बघितली आणि घरी आलो.