लिंपलेल्या घराची वाटणी

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी मी आणि माझी धाकटी बहीण साधना दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर तांब्याने पाणी मारायचो. ताटीवर कमी, एकमेकींवर जास्त. आई आतून ओरडायची, "पोरींनो, प्यायले पाणी ठेवसान का नाही?" तोवर ओल्या वाळ्याचा वास घरभर झालेला असायचा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला इंग्रजी, भरतकाम आणि ताठ बसणे शिकवले. घर कशाने सजते हे मात्र मी त्या ताटीपाशी शिकले, आणि पुढे त्यावरच पोट भरले. आधी हे आभार, मग वाटणी.

मी, श्रीमती रागिणी अनुप वानखडे, वय सहासष्ट, व्यवसाय गृहसजावट, राहणार अमरावती, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण तो वयाने. कोणाच्या धाकाने नाही. खाली लिहिलेली मिळकत माझ्या मालकीची असून ती माझ्या पश्चात अशी जावी.

१. बँकेतली ठेव आणि दागिने मुलगा शिवम व सून रश्मी यांनी निम्मे निम्मे घ्यावेत. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

२. वाळ्याच्या ताट्या आणि जुन्या सुती साड्यांच्या वाकळी साधनाला. वाकळी पाहुण्यांसाठी कपाटात ठेवू नकोस, रोज वापर. विरल्या तर विरू देत, त्यासाठीच शिवल्या आहेत.

३. माझे दीर खुशालराव या घराला आजवर 'वयनीची झोपडी' म्हणत आले. "येवढा पैसा लावून झोपडी कोन बांधते?" असे त्यांनी वास्तुशांतीच्या पंगतीत सर्वांदेखत विचारले होते. ते मी विसरलेले नाही. मेळघाटच्या बांबूची आरामखुर्ची त्यांना द्यावी, कारण दर रविवारी येऊन तीच अडवून बसतात आणि घोरतात.

४. आता घर. याच्या बैठकीत आडवी भिंत आहे ती विटांची नाही. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्यांचा तो कूड आहे आणि त्यावर मातीचे लिंपण. पहिल्यांदा मी आमच्याच शेतातली काळी माती मोठ्या अभिमानाने आणून लावली. वाळल्यावर तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. सासूबाई, पार्वताबाई, हसून म्हणाल्या, "काहून वो, तुह्या कानवेंटात माती नोती का? काळी पेराले असते, पांढरी लिंपाले." मग स्वतः पदर खोचून बसल्या आणि शेण, भुसा, पांढरी माती किती घ्यायची ते माझ्या हाताला शिकवले. त्यांच्या त्या टोमण्यावर मी पुढे कितीतरी घरे सजवली. त्यांची मी जन्मभर ऋणी आहे.

माझ्या साठीला मी चिखलदऱ्याला गेले असताना शिवमने, आईला आनंद व्हावा म्हणून, त्या भिंतीला पिस्ता रंगाचा ऑइल पेंट मारून घेतला. ओल आतच कोंडली. श्रावणात भिंतीला फुगे आले आणि मातीसकट पोपडे सुटू लागले. शिवम हिरमुसून म्हणाला, "आई, आता पाडूनच टाक. बिल्डर दोन फ्लॅट देऊन राहिला." रश्मीने ओढणी कमरेला बांधली आणि पत्रा घेऊन रंग खरवडायला बसली. "आई, भिंत नाही बिघडली. तुमच्या लेकानं तिचं नाक दाबलं फक्त." शिवमलाही हसू आले. बँकेची नोकरी सांभाळून तिने ती अख्खी भिंत माझ्यासोबत मोकळी केली.

म्हणून हे घर, जागेसह, मी रश्मीला देते. तिला हे सांगितले तेव्हा ती घाबरली. "मले नका देऊ. लोक म्हनतील, सुनेनं सासूले गुंडाळलं. अन् हे रुसून बसतील ते येगळंच." तिचे खरे आहे. घर कधीतरी पडेल याची मला भीती नाही. घरापायी तुम्ही दोघे एकमेकांशी बोलेनासे व्हाल याची आहे. तेव्हा लोकांसाठीही लिहून ठेवते: रश्मीने मागितले नाही, मी दिले. शिवमला या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. भिंतींना रंग देण्याचा राहणार नाही.

५. सासूबाईंची लाकडी थापी रश्मीला. मूठ झिजली आहे, बदलू नये.

६. भातकुलीच्या गावठाणातली माझ्या नावावरची पडीक जागा, जिथून लिंपायची पांढरी माती येते, ती शिवमला. अंगणातला माती भिजवायचा हौदही त्यालाच. दरवर्षी दिवाळीआधी रश्मीने त्याच्याकडे माती मागावी. त्याने ती स्वतः आणावी, पायांनी तुडवावी आणि तिच्या हाताशी द्यावी. वकीलसाहेबांनी विचारले, घर एकाला आणि माती दुसऱ्याला, ही चूक तर नाही ना. चूक नाही.

हे वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांना यातून चहाखेरीज काही मिळालेले नाही.

सही: रागिणी अनुप वानखडे

साक्षीदार:
१. डॉ. देवमन तायडे, शेजारी
२. बेबीताई इंगळे, मैत्रीण

अमरावती, १२ जानेवारी २०२५