गुडघे ढिले सोडा, सर

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.

डायरी पुन्हा सुरू. कारण: शिस्त.

दिवाळीच्या आधी बाथरूममध्ये मी जरा बसलो होतो, त्यावरून घरात अजून चर्चा चालू आहे. वासंती त्याला ‘पडले’ म्हणते. आवाज झाला तो बादलीचा होता.

चिन्मयचा पुण्याहून फोन. म्हणे, बाबा, आणखी एकदा पडलात तर दोघांनाही इकडे घेऊन येणार, मेहकरचं घर बंद. त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. गॅलरीतून खाली पाहिलं तर ओळखीचं कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्याला सांगितलं, उभं आयुष्य शाळेत पीटी शिकवली आहे, मला तोल शिकवू नकोस. त्याने आईकडे फोन द्यायला सांगितलं.

डॉक्टर म्हणतात दोन्ही गुडघ्यांत संधिवात. एक्स-रेचं मशीन जुनंच दिसत होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

वासंतीने ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये क्लास लावला. चिगोंग. चिनी व्यायाम. हात सावकाश हलवायचे, श्वास सावकाश घ्यायचा, घाम येऊ द्यायचा नाही. संधिवाताच्या आणि तोल जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. वासंतीचे गुडघे दुखतात, ती एकटी कशी जाणार, म्हणून मीही नाव दिलं. निव्वळ सोबत. रस्त्याने तिचा हात धरून आधार दिला.

शिकवणारी सबीहा. फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या शाळेतल्या नजीरची मुलगी. नजीरला डावं-उजवं मी शिकवलं, आणि आता त्याची मुलगी मला उभं राहायला शिकवणार. बरं आहे.

संकल्प: जानेवारीत हिवरा आश्रमचा महाप्रसाद. लग्न झाल्यापासून दरवर्षी आम्ही दोघं त्या पंगतीत शेजारी-शेजारी बसतो. शेतात लांबच लांब रांगा, खाली मांडी, पत्रावळीवर पुरी आणि वांग्याची भाजी. गेल्या वर्षी कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खाल्लं. वासंतीच्या गुडघ्यांमुळे. तिला एकटीला खुर्चीत बसवणं बरं दिसलं नसतं. ती पुरी अजून घशाखाली उतरलेली नाही. यंदा जमिनीवर बसणार. कोणाचा हात न धरता बसणार आणि कोणाचा हात न धरता उठणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

पहिला धडा: पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे जरा ढिले, हात पाण्यातून वर आणावेत तसे वर. दुखलं की थांबायचं. प्रत्येकासमोर धरायला एक खुर्ची. मी खुर्ची मागे सरकवली आणि सावधानमध्ये उभा राहिलो. छाती पुढे, गुडघे कडक. सबीहा सारखी येऊन म्हणे, सर, गुडघे ढिले सोडा, कडक गुडघ्याने तोल जातो. तिला सांगितलं, ढिल्या गुडघ्यांनी देश चालत नाही. ती म्हणाली, देशाचं नंतर पाहू, आधी तुम्ही चाला.

महादेवराव माझ्यापेक्षा वयाने मोठे. सगळा व्यायाम खुर्चीत बसूनच करतात आणि वर हसतात. खुर्चीत बसून व्यायाम करणं म्हणजे भज्याच्या वासावर जेवण उरकणं.

१ डिसेंबर, सोमवार.

आज अंगाचा भार या पायावरून त्या पायावर नेणे. डावीकडे नेला. तो तिकडेच जात राहिला. हॉलची भिंत जरा जवळ बांधली आहे.

वासंतीला चांगलं जमलं. बायकांना हळू गोष्टी जमतात.

५ डिसेंबर, शुक्रवार.

सबीहाला यायला उशीर झाला. वर्ग वाया जाऊ नये म्हणून मी पुढे गेलो. सावधान, विश्राम, मागे फिर, जागच्या जागी कदमताल. आवाज अजून तसाच आहे, बाहेरच्या रिक्षावाल्यानेही रिक्षा थांबवली. हॉलमध्ये जान आली. मग बेबीताईंच्या कमरेत उसण भरली आणि मागे फिरताना एक गृहस्थ पुढेच फिरत राहिले. महादेवराव तेवढे खुर्चीत बसून आपले हात सावकाश वर नेत होते. त्यांनी माझा एकही हुकूम ऐकला नाही.

सबीहा आली. सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं. मला एवढंच म्हणाली की सावकाश करायचं ते पावलाला जमीन कळावी म्हणून. तिला मी जिल्ह्याच्या कवायत स्पर्धेतल्या ढालीबद्दल सांगितलं. येताना वासंती रस्ताभर दुसरीकडे पाहत चालली. तरी हात मी धरलाच होता.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

रोज पहाटे पाचला घरी सराव, असं ठरवलं होतं. थंडी फार. साडेसातला उठलो. म्हणजे आरोग्यदृष्ट्या तेच योग्य.

अंगणात एका पायावर उभा राहिलो. सबीहाने हे सांगितलेलं नाही, पण पुढचे धडे आधीच करून ठेवलेले बरे. मोगऱ्याच्या कुंडीत बसलो. कुंडी फुटली. जुनीच होती.

वासंती झाडू घेऊन आली. मी सांगितलं, पडलो नाही, बसलो. ती माती भरत होती. वर न बघता म्हणाली, “मले पुण्याले नाही जायचं. माझी सारी माणसं इथंच हायेत. तुम्ही पडू नका, इतकंच करा माझ्यासाठी.”

मला गलबलून आलं. ती भांडत असती तर उत्तर तयार होतं. संध्याकाळी बाजारातून नवी कुंडी आणली. चिन्मयला सांगायचं नाही, हे दोघांनी न बोलताच ठरवलं.

२२ डिसेंबर, सोमवार.

आज सबीहाने जमिनीवरून उठायचं शिकवलं. आधी कुशीवर व्हायचं, दोन्ही हात टेकायचे, चार पायांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, एक पाऊल पुढे, खुर्ची धरून वर. सतरंजीवर सगळी म्हातारी मंडळी रांगत होती. वासंतीसुद्धा. आणि हसत होती.

मी महत्त्वाचा फोन घ्यायला बाहेर गेलो. फोन घरी चार्जिंगला होता, ते नंतर लक्षात आलं.

या तालुक्यातली निम्मी माणसं माझ्यासमोर ताठ चालायला शिकली. त्यांच्या गावात मी रांगणार नाही. दारात सबीहा भेटली. म्हणाली, “सर, बसता सगळ्यायले येते. उठणं शिकून घ्या.”

तिचं बरोबर असेल. चायनात.

५ जानेवारी, सोमवार.

वासंती हॉलच्या पायऱ्या कठडा न धरता उतरली. मी मागून लक्ष ठेवलं. कठडा धरून लक्ष नीट ठेवता येतं.

चिन्मयचा फोन. हिवऱ्याला खुर्चीतच बसा, जमिनीवर बसून पडझड झाली तर पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. मी हो म्हणालो. खोटं बोललो नाही. खुर्च्या तिथे असतातच.

९ जानेवारी, शुक्रवार.

उद्याची तयारी पूर्ण. पीटीची पांढरी पँट इस्त्री करून ठेवली. नजीर गाडी आणणार, सबीहाही येणार. उठायचा सराव केलेला नाही, पण उठणं म्हणजे बसण्याच्या उलट. ते प्रसंग आला की सुचतं.

१० जानेवारी, शनिवार. संध्याकाळ.

सगळं क्रमाने लिहितो.

हिवऱ्याला वेळेवर पोचलो. रांगेत जागा मिळाली. बसताना शेवटचं वीतभर अंतर जरा लवकर संपलं, पण मांडी बसली. वासंती हात टेकून, गुडघ्यावर येऊन, सावकाश शेजारी बसली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुऱ्या आल्या, वाढणारे टोपल्या घेऊन धावत होते. वासंतीने आपल्यातली एक पुरी माझ्या पत्रावळीत टाकली, दरवर्षी टाकते तशी. माझे डोळे भरून आले. भाजी तिखट होती.

पंगत उठली. वासंतीही उठली, शिकवल्याप्रमाणे. मी पायांना हुकूम दिला. पाय हजेरीलाच आले नाहीत. मांडी सुटेना. मी वासंतीला म्हणालो, जरा खातो अजून.

रिकाम्या जागी मागून आलेली मंडळी बसली. पंगतीत बसलेल्या माणसाच्या पुढ्यात पत्रावळ येतेच, आणि पत्रावळीत पुरी पडतेच. प्रसाद टाकायचा नाही, म्हणून खाल्ला. तीही मंडळी उठली. मी बसलेलाच. पुन्हा पत्रावळ. वाढणारा माझा जुना विद्यार्थी निघाला, आता त्याचेही केस पांढरे. म्हणाला, “सर, तुमची भूक अजून तशीच हाये बुवा.” आणि कौतुकाने दोन पुऱ्या जास्त वाढल्या. नको म्हणावं तर का बसलात, हा प्रश्न आला असता. खाल्ल्या.

ऊन डोक्यावर. पोट गच्च, पाय बधिर. मला भीती वाटली. पडायची नाही, पडायला आता खाली जागाच नव्हती. असंच बसून राहायची. सगळं गाव जेवून घरी जाईल आणि मी इथे पुऱ्या खात राहीन, असं वाटलं. मग चिन्मय गाडी घेऊन येईल आणि मला असाच मांडीसकट सातव्या मजल्यावर नेऊन ठेवील.

नजीर धावत आला, काखेत हात घालून उचलतो म्हणाला. सबीहाने त्याला थांबवलं, खांदा निखळेल म्हणाली. वासंतीने कडेची एक प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, माझ्यासमोर ठेवली आणि उभ्यानेच बोलली.

“कुशीवर व्हा. हात टेका. लोकायकडे पाहू नका, माह्याकडे पाहा.”

झालो. टेकले. पाहिलं.

“आता गुडघ्यावर या. सावकाश. श्वास घ्या आधी.”

पांढऱ्या पँटमध्ये, पत्रावळींमधून, भाजीचे डाग घेत खुर्चीपर्यंत रांगत गेलो. लांबून कोणी तरी मोबाईल धरला होता. गुडघे ढिले सोडले. कडक करायला त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. एक पाऊल पुढे, खुर्ची धरली, उभा राहिलो. रांगेतल्या कोणी तरी टाळी वाजवली, मग बऱ्याच वाजल्या.

परतताना गाडीत मी डोळे मिटून घेतले होते. वासंती सबीहाला हळूच सांगत होती, “माहे गुडघे दुखतेत, हाव. पण क्लास मी याह्यच्यासाठीच लावला. एकटे आले नसते ना.”

मी झोपेत होतो. तरी ऐकू आलं.

११ जानेवारी, रविवार.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतो आहे. खाली हात जोडलेले, हसणारे, टाळ्यांचे चेहरे. एकाने लिहिलं आहे, सरांची नवी कवायत.

दुपारी चिन्मयचा फोन. मी तयारीत होतो. सांगणार होतो की पडलो नाही, बसलो, आणि खुर्ची होतीच. पण त्याने वेगळंच काढलं. म्हणाला, बाबा, व्हिडिओ पाहिला, तुम्हाला उचलावं लागलं नाही, तुम्ही स्वतः उठलात. उन्हाळ्यापर्यंत पुण्याचं थांबवतो. अट एकच, रोज रांगायचं आणि आईने व्हिडिओ पाठवायचा.

ढालीचा फोटो याच मुलाने कधी मागितला नाही.

वासंती स्पीकरवर सगळं ऐकत होती. तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, हातात चहा. आलं जास्त झालं होतं. मी सगळा प्यालो.

१२ जानेवारी, सोमवार.

आज क्लास. वासंती म्हणाली, मला तिळाचे लाडू वळायचे आहेत, आज तुमचे तुम्ही जा.

गेलो. फाटकापर्यंत. पुढे रस्ता नेहमीपेक्षा रुंद वाटला, आणि एक मोटारसायकल फार जवळून गेली. परत आलो. वासंतीला म्हणालो, तुझे गुडघे असे अर्धवट सोडून चालणार नाही, मी तुझ्या सोबतीला येतो. तिने लाडवांचं ताट झाकलं. हात पुसले, चपला घातल्या, माझा हात धरला. मी धरू दिला.

हॉलमध्ये सबीहाने विचारलं, जमिनीवरून उठून कोण दाखवतं. महादेवरावांनी माझ्याकडे बोट केलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

सांगितलं, पुढच्या वेळी. आज अजून पुऱ्या पचायच्या आहेत. महादेवरावांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथे गेलो, वासंतीने मागून पाठ धरली, आणि बसलो.

या वेळी खरोखरच बसलो.