सासूबाईंचा आवाज

प्रिय आई,
तुझ्या धाकटीचा नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, मी वेळेवर जेवते. फक्त कालच्या धक्क्यातून अजून सावरलेली नाही.

काल मी लिहिलेल्या बाहुलीनाट्याचा पहिला प्रयोग होता. ऐन वेळी अस्वलआजीला आवाज देणारीचाच घसा बसला. तेवढ्यात सासूबाईंनी बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं.

"सरक. घरात दिवसभर पुटपुटत असतेस तेच म्हणायचं ना? पाठ झालंय मला."

एरवी चार शब्द न बोलणाऱ्या सासूबाई, आई! पडद्यामागून त्यांनी असा खणखणीत आवाज लावला की मी आ वासून बघतच राहिले. मधेच नाटकातल्या अस्वलनातीला पदरचं वाक्यही ऐकवलं, "ढीगभर कामं अंगावर घेतेस, सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

सगळं नाट्यगृह खदखदून हसलं. मला मात्र रडू फुटलं.

आता दिग्दर्शकांना प्रत्येक प्रयोगाला त्याच हव्यात. त्या हो म्हणाल्यासुद्धा, मला न विचारता! इकडे माझ्या पुस्तकाची चित्रं अर्धवट पडली आहेत आणि बाळाला दात येताहेत, त्याला सांभाळणार कोण?

तुझे गुडघे कसे आहेत? प्रवास झेपेल का गं?

तुझी,
भांबावलेली लेक