आईची नखं

गुरुवार, दिवेलागण

आजची शेवटची भेट मंगळवार पेठेतल्या काकूंची. साखरेमुळे पायाची जखम भरत नाही. ड्रेसिंग केलं, मग दुसऱ्या पायाची नखं कापली. सरळच कापायची, कोपऱ्यात शिरायचं नाही. हे मला झोपेतही जमेल. काकू म्हणाल्या, "तुझी आई नशीबवान हाय बघ पोरी." मी मान वर केली नाही.

आईलाही साखर आहे. शिरोळला एकटीच असते. दिवाळीत तिची नखं वाढलेली दिसली होती. सकाळी कापते म्हणाले आणि ड्यूटीसाठी पहाटेची एसटी धरली. दीड तासाचा तर रस्ता, तरी परत गेले का? नाही. लोकांच्या आयांची नखं मात्र रोज कापते!

घरी येऊन तिला फोन लावला. सवयीने, पेशंटचा कागद भरताना विचारते तसं विचारत सुटले, जेवण जातं का, गोळी घेतलीस का, पायाला मुंग्या येतात का.

"माझा कागद भरतीस व्हय गं?"

हसले. मग राहवेना. "आई, नखं कोण कापतं तुझी?"



"तू कापतो म्हणालतीस की. म्हणून ठेवल्यात."