भार निम्मा

बाई,

मंगळवार, अठरा नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या शाळेतली एक शिक्षिका काढून घेण्यात आली. वेळ नेमकी सांगते, कारण वाईट बातमी आली की आधी घड्याळ बघायचं ही माझी नोकरीतली सवय आहे. 'काढून घेण्यात आली' हे मात्र पुन्हा वाचलं आणि स्वतःचाच राग आला. कुणी काढून घेतली ते त्यात नाहीच. तू खडू थांबवून विचारलं असतंस, "कर्ता कुठी गेला याचा?" तू जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी मी तुला बाईच म्हणते. शाळेत आई म्हटलं तर तुला ऐकू यायचं नाही, आणि घरच्या उंबऱ्यावर शब्द बदलणं मला कधी जमलं नाही.

तुझी शाळा अजून तिथेच आहे, बीबी गावाच्या पलीकडच्या वाडीत. तू एकटी शिकवायचीस तेव्हा वर पत्रे होते, आता स्लॅब आहे आणि चार वर्गांना दोन शिक्षक. मुख्याध्यापक माहिती भरतात. रोज कुठली तरी माहिती, कुणाला तरी, दुपारी दोनच्या आत. शिकवते ती मॅडम. आपल्याच जिल्ह्यातल्या उंद्रीकडची मुलगी, बत्तीसएक वर्षांची असेल, चारही वर्ग एका व्हरांड्यात घेऊन बसते आणि कुणाचं नाक पुसता पुसता कुणाचा हातचा चुकलेला पकडते. निवृत्त होऊन बीबीच्या घरी राहायला आल्यापासून मी दर मंगळवारी तिथे जाते. पोरं मला चष्मेवाल्या आजी म्हणतात. चष्मा म्हणजे माझ्या डोळ्यांवरचा नव्हे. मी शाळेला दिलेले चार डबे आहेत, डोळ्यांवर बांधायचे. बांधले की आत चहूबाजूंनी समुद्र दिसतो, ज्वालामुखी दिसतो. मान वळवावी तिकडे तो असतोच. याला आभासी वास्तव म्हणतात. नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी हेच केलं, शाळांसाठी असे धडे तयार केले. तू ते पाहिलं नाहीस. बरं झालं.

तर मंगळवारी केंद्रप्रमुख मोटारसायकलवरून आले. हेल्मेट टेबलावर, चहा बशीत, आणि मग पिशवीतून गटशिक्षणाधिकारी साहेबांचं पत्र. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि माझ्याकडे दिलं. "सदर शाळेत आभासी वास्तव संच कार्यान्वित असून, त्यामुळे शिक्षकावरील अध्यापनाचा भार निम्मा होतो असे अहवालावरून दिसून येते. सबब सहशिक्षिकेचे समायोजन गरजेच्या शाळेत करण्यात येत आहे. हरकत असल्यास शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत लेखी सादर करावी."

मी म्हणाले, "तुम्ही माणूस उचलून नेताय."

"उचलून नाही मॅडम. समायोजन."

"उद्या मी मेले तर माझंही समायोजनच झालं म्हणाल."

ते हसले. वाईट माणूस नाही, बाई. वाईट असता तर सोपं गेलं असतं. चहा संपवून म्हणाले, "माह्यावर काऊन चिडता? 'भार निम्मा होतो' हे वाक्य काही साहेबाचं नाही. तुमचंच हाय. मीच फाइलीतून काढून देल्लं. लय सुंदर वाक्य हाय, खरंच."

सुंदर आहेच. मला सुंदर वाक्यं लिहायला कॉन्व्हेंटात शिकवलं. तू मला दुसरीनंतर बुलडाण्याच्या वसतिगृहात ठेवलंस. पहिल्याच आठवड्यात 'मले' म्हटलं म्हणून सिस्टरने तळहातावर पट्टी मारली, आणि दिवाळीत घरी येऊन मी तुझ्या वर्गातल्या पोरांना हसले. तू मला बाकावर उभी केलीस ते सगळ्यांदेखत. नंतर नागपूर, मग पुणे, मग सल्लागार कंपनी. एकदा मी सुट्टीवर आलेली, तू चुलीपुढे भाकरी थापतेस, मी पाटावर बसून माझं काम समजावतेय. कारखान्यात जायचं, महिनाभर बघायचं, मग मालकाला सांगायचं की कुठे काय जास्त आहे. तू भाकरी उलटवतेस आणि विचारतेस, "मंजे दुसऱ्याच्या घरात जाऊन सांगतं का, भाकरी कमी थापा म्हनून?"

"साधारण तसंच."

"आन् ते ऐकतेत?"

"मानाने बोलावतात बाई."

"मंग त्याईच्या घरात जेवाले कोन कमी होते, ते पाहाले थांबतं का तू?"

मी बॅग उचलली. माझी बस होती. थांबायची पद्धत आमच्या धंद्यात नव्हतीच. अहवाल द्यायचा, हात मिळवायचा, पुढच्या शहरात जायचं. तीस वर्षांत मी माणसं कमी करण्याची कारणं इतक्या नीटस भाषेत लिहिली की ज्यांना काढलं त्यांच्यापैकी दोघांनी माझे आभार मानले होते. तू गेल्यावर काही वर्षांनी मला त्याचा वीट आला. शिक्षणात जाते, म्हटलं, निदान तिथे कुणाचं काही कमी करावं लागणार नाही, उलट जे नाही ते आणून देता येईल. जग आणून देता येईल. असंच म्हणाले होते मी निरोपाच्या भाषणात, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुझी जग दाखवायची रीत वेगळी. मी सातवीत, मे महिन्याची सुट्टी, आणि तू वाडीतली अठरा पोरं एसटीत कोंबून लोणारला नेतेस. मीही आहे, कॉन्व्हेंटचे पांढरे मोजे घालून. विवराच्या उतारावरून खाली उतरतो तसा पाण्याचा वास येऊ लागतो, सडक्या अंड्यासारखा. मी नाकाला रुमाल लावते. कशिद्याचं गुलाबाचं फूल असलेला रुमाल, सिस्टरने शिकवलेला, माझ्या हातचा. तू मागे वळून बघतेस, येतेस, रुमाल काढून घेतेस. "नाक बंद करून पाहशीन तं निस्ता फोटोच पाहशीन." मग पदराच्या गाठीतून घरची हळद काढतेस, रुमालावर चोळतेस, पाण्यात बुडवतेस. रुमाल लालभडक होतो. पोरं ओरडतात. तू सगळ्यांना पाण्यात बोट बुडवायला लावतेस, मग सांगतेस क्षार म्हणजे काय. मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. पण क्षार मला त्यानंतर कधी कुणी शिकवावा लागला नाही.

आणि मी काय केलं माहीत आहे? माझ्या धड्यांत सगळ्यात नावाजलेला धडा लोणारचा आहे. ड्रोनने घेतलेला, पुण्याच्या शुद्ध आवाजातला. दिल्लीतल्या, चेन्नईतल्या पोरांनी तो पाहिला, चांगलंच झालं. पण मी तो तुझ्या वाडीतही दाखवला, जिथून लोणारला बस जाते. तिसरीतली एक पोरगी आहे, दोन घट्ट वेण्या, पुढचा दात पडलेला. तिने डबा बांधला, इकडेतिकडे मान फिरवली आणि ओरडली, "अवं, हे तं आपलं लोणार हाय! नवरात्रात गेल्तो ना आजीसंग." मी खूश होऊन म्हटलं, "हो, बघ किती छान दिसतंय." तिने हवा हुंगली. मग डबा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत म्हणाली, "पन वास काऊन नाही येत? चष्मेवाल्या आजी, तुमाले बस नाही भेटली का?"

सगळा वर्ग हसला. मॅडम तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. आणि घरी येऊन, संचाच्या परवानगीसाठी साहेबांकडे द्यायच्या अहवालात लिहिलं, "विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला."

भार निम्मा झाला का, ते तुला सांगते. चार डबे, एकतीस पोरं. एकाला पाच मिनिटं मिळेपर्यंत बाकीची व्हरांड्यात कुस्ती खेळतात. डबा लहानांच्या डोक्याला बसत नाही, म्हणून तो मॅडमने मागून धरून उभं राहायचं. पहिलीतल्यांना गरगरतं. एक जण समुद्र बघता बघता ओकला, तेव्हा मॅडमने त्याला धुतलं, फरशी पुसली, त्याच्या घरी निरोप दिला आणि आल्यावर ज्यांची पाळी राहिली त्यांचा डबा पुन्हा धरला. माझ्या मंगळवारी तिचा भार दुप्पट होत असे. मी खुर्चीवर बसून ते पाहिलं. आणि तरी 'निम्मा होतो' लिहिलं, कारण त्यावाचून परवानगी पुढे सरकत नाही हे मला माहीत होतं. असं वाक्य मी काही एकदाच लिहिलेलं नाही. प्रत्येक शाळेच्या अहवालात तेच, फक्त शाळेचं नाव बदलून. आणखी कुठे कुठे कुणी ते फाइलीतून काढलं असेल, मला विचारायची हिंमत नाही.

त्या वेण्यांच्या पोरीचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. यंदा तिला ठेवून गेले. मंगळवारी शाळा सुटताना तिची आजी फाटकापाशी उभी होती, बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचलेली. मला म्हणाली, "मॅडम हाय म्हून ठिवली होती पोट्टी. तिचा बाप म्हने, शिकवनारीन हाय तं राहू दे. आता तो फोन करीन, मी काय सांगू? चार डबे हायेत म्हनू?" मी म्हटलं, मी साहेबांना भेटते, मी लिहिते, तुम्ही काळजी करू नका. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, जसं लोक पाहतात नेत्याच्या गाडीकडे. "हाव," म्हणाली. "लिवा." पोरीने माझा निरोप घेतला नाही. ती मॅडमच्या पिशवीचा बंद धरून उभी होती. मॅडम मलाच समजावत होती, "तुमी नका मनाले लावून घेऊ. तुमी तं चांगल्यासाठीच केलं." हे तिने नसतं म्हटलं तर बरं झालं असतं. मला कुणी रागावावं अशी माझी इच्छा आहे आणि रागावणारं कुणी उरलेलं नाही.

आज गुरुवार, दुपारचे तीन. मी हरकतीचा अर्ज तीनदा लिहिला. पहिल्यात केंद्रप्रमुखांना झोडपलं. दुसऱ्यात साहेबांना, समायोजन या शब्दाला आणि एकूण जमान्याला. फार छान उतरला आहे, वर्तमानपत्रात शोभेल. तिसरा इंग्रजीत लिहिला, त्यांना समजू नये पण भीती वाटावी म्हणून. तिन्ही निरुपयोगी आहेत. पत्र एका वाक्यावर उभं आहे आणि ते वाक्य खोटं आहे, हे सही करून सांगू शकेल असं माणूस जिल्ह्यात एकच आहे. चार ओळींचं काम. पण त्या चार ओळी गेल्या की त्यामागची नऊ वर्षं जातात, आणि त्याआधीची तीस तर मी आधीच मोजत नाही. मग उरतं काय, बाई? सत्तरीला आलेली, चांगलं मराठी आणि त्याहून चांगलं इंग्रजी लिहिणारी एक बाई, जिने आयुष्यभर लोकांना त्यांचं काय जास्त झालंय ते सांगितलं. आणि चार ओळी दिल्या तरी मॅडम राहीलच असं नाही. साहेब म्हणतील, आता आदेश निघाला. पोरीचा बाप तोवर येऊन तिला घेऊन गेलेला असेल. खरं सांगायला मी इतका उशीर केलाय की खरं सांगूनही बहुधा काही होणार नाही. तरी सांगायचं की नाही, एवढंच तुला विचारतेय.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. पाकीटसुद्धा घेतलेलं नाही. पण एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही ती यात लिहून ठेवते. मुख्याध्यापकांनी पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा मी आधी मजकूर वाचला नाही. त्यात माझं नाव आहे का, ते पाहिलं. नव्हतं. नुसतं 'अहवालावरून' होतं. आणि मला बरं वाटलं. मॅडम समोर उभी होती, आणि मला बरं वाटलं.

उत्तर दे. स्वप्नात आलीस तर ते ग्राह्य धरणार नाही, तोंडी चालणार नाही. तुझ्या अक्षरात, कर्ता-कर्म-क्रियापदासह, लेखी हवं. शुक्रवार, एकवीस नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत.