पातं नसलेला रंधा

रामराम मामाजी,

तुमच्या रंध्याची खरी किंमत मी परवा एसटीत बसल्या बसल्या काढली. एक ताट पुरणपोळी, जी माझ्यापुढे थंडगार झाली. कुंदाचा अबोला, तुमच्या रोहण्यापासून थेट आमच्या हिंगणघाटापर्यंत. आणि तुमच्या गल्लीनं मला ठेवलेलं ‘रंधेवाले जवाई’ हे नाव, जे अजून पुसलं गेलं नाही. एवढं सगळं मोजून रंधा घरी आणला, पिशवीतून काढला, लाकडावर ठेवून ढकलला, तर त्याला पातंच नव्हतं!

पात्याशिवाय रंधा म्हणजे नुसता सागवानी ठोकळा. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

आता हे सगळं का उकरतोय, तर तुमच्याशिवायची ही पहिली दिवाळी. नुकताच रोहण्याला जाऊन आलो. तिथून निघताना मी एक गोष्ट केली, आणि ती बरोबर की चूक ते मला काही केल्या उमजत नाही. कुंदाला विचारलं, तर तुमची लेक म्हणते, “मले काय विचारता? बाबाले विचारा.” म्हणून विचारतो.

तुम्ही मला जावई करून घेतलं तेव्हा माझ्याकडे काय होतं? रेडिओ दुरुस्तीचं एक टपरीवजा दुकान आणि दोन कान. बाप लवकर गेला, शिकवायला कुणी नव्हतं, ऐकून ऐकून शिकलो. रेडिओ लावला की नुसत्या खरखरीवरून सांगायचो, आत काय बिघडलंय ते. संध्याकाळी गावातल्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो, तीही मालकाची. कार्यक्रम संपला की मालक ती खोळीत घालून घरी न्यायचा, आणि माझी बोटं रात्रभर उगाच हलत राहायची.

नागपूरच्या दुकानात तसली गिटार काचेतून पाहून आलो होतो. विकत घेणं शक्यच नव्हतं, म्हणून ठरवलं, घरीच बनवायची. तारा नागपुराहून आणल्या. आवाज पकडणारी कॉईल पंख्याच्या तारेची स्वतः गुंडाळली. अडलं ते लाकडावर. आमच्या सुताराला कागदावर चित्र काढून दाखवलं, तर त्यानं विचारलं, हे मुसळ आहे का बॅट? शेवटी आपणच करू म्हटलं. पण माझ्या दुकानात पेचकस आणि डाख द्यायच्या कैयापलीकडे होतं काय!

आणि तुमच्या गोठ्याच्या पडवीत ती अवजारांची पेटी. सुतार दुसऱ्या गावचा, तो येईपर्यंत पेरणी निघून जायची, म्हणून वखर, तिफण, बैलबंडीची धुरी, सगळं तुम्ही स्वतःच नीट करायचात. साखरपुड्याला आलो तेव्हाच माझी नजर त्या पेटीवर पडली होती. कुंदावर नंतर पडली, हे तिला सांगू नका.

पहिल्या दिवाळीला जावयानं रुसायचं, ही तर रीतच. वसंतानं, तुमच्या मुलानं, घड्याळाची तजवीज करून ठेवली होती म्हणे. मी ताटावर बसलो आणि भिंतीकडे पाहत राहिलो. शेजारच्या बायका दारात जमल्या. आमच्या सासूबाई, मामी, म्हणाल्या, घड्याळ पाहिजे असेल. कुणी म्हणालं, सायकल. तुम्ही विचारलंत, “काऊन हो जवाई, जेवत काऊन नाई?”

“मले रंधा पाह्यजे,” मी म्हणालो.

दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कुंदा उठून आत गेली. तुम्ही मात्र हसला नाहीत. गोठ्याकडे गेलात, रंधा आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलात आणि म्हणालात, “जेवा आता.”

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पातं मिळालं दुसऱ्या दिवाळीला, पुन्हा रुसल्यावर. तिसऱ्या वेळी गिरमिट दिलंत, भोक पाडायला. त्याचं टोक नव्हतं. नंतर करवत आली, तिला मूठ नव्हती. मग शिकंजा आला, लाकूड घट्ट धरणारा, पण तो आवळायचा दांडाच गायब. मी वर्षानुवर्षं सळई घालून आवळायचो आणि तुमच्या नावानं बोटं सोलून घ्यायचो. पहिल्या वर्षानंतर मी मागणंही सोडलं होतं. नुसतं ताटावर बसायचं, भिंतीकडे पाहायचं, आणि तुम्ही उठून काहीतरी अर्धं आणून ठेवायचं. माझी गिटार उभी राहीपर्यंत तुम्हाला दोन नातवंडं झाली, मामाजी!

पण एक सांगतो, मित्रांत मी कॉलर ताठ करूनच फिरलो. म्हणायचो, लोक रुसून घड्याळ मिळवतात, मी अख्खं सुतारकाम मिळवलं. रुसण्यात माझा हात धरणारा जावई वर्धा जिल्ह्यात दाखवा. तोंड बंद ठेवून एवढी कमाई कुणी केली आहे?

तरी अर्धंच का द्यायचात? कंजूष म्हणावं, तर निघताना तुरीची डाळ, वांगी, मिरच्या, संत्री असं लादून द्यायचात की पुलगावला गाडी बदलताना हमाल करावा लागे. विसराळू म्हणावं, तर कोणत्या वर्षी कोणत्या नक्षत्रात किती पाऊस पडला ते तुम्हाला तोंडपाठ. मग माझी फजिती पाहायची होती का? तेही पटत नाही. तुम्ही कधी विचारलंतच नाही, अर्ध्याचं काय केलं म्हणून.

कधी वाटतं, हे सगळं कुंदासाठी होतं. आमच्याकडे दिवाळी म्हणजे दुकानाचा सगळ्यात गर्दीचा काळ. माझी माय दरवर्षी म्हणायची, सणासुदीत दुकान बंद करून सासरी कोण जाते? ते पातं, ते टोक, तो दांडा अडून राहिला नसता, तर मी तुमच्या लेकीला दर दिवाळीला माहेरी आणलं असतं का? मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण मग एकदाही ‘लेकीला दोन दिवस जास्त राहू द्या’ असं का म्हणाला नाहीत? ती बसमध्ये चढायची आणि तुम्ही बैलांच्या चाऱ्या-ढेपेचं बोलत राहायचात.

गिटारीबद्दल तुमचं मत काय होतं, तेही मला कळलं नाही. आर्वीच्या गणपतीत मी पहिल्यांदा ती घेऊन उभा राहिलो, आणि तुम्ही खास ऐकायला आलात. सगळी गाणी होईपर्यंत स्पीकरच्या खोक्यासमोर उभे होतात. नंतर मला बाजूला घेऊन म्हणालात, “तुमी वाजवून राह्यले हे दिसते, पन ऐकू नाई येत. पोटात मातर काईतरी हालते.”

ही शाबासकी होती का तक्रार? या एका वाक्यापायी मी ती गिटार दोनदा खोलली. कॉईल तारा टेकवणाऱ्या घोडीकडे सरकवली. पाठ तासून पातळ केली. मान पुन्हा रंधली. तरी तुम्हाला ऐकू यायची ती नाहीच, कारण बासच्या खर्जाचं काम पोटातच असतं. आणि हे सांगायला आलो, तर तुम्ही कपाशी वेचायला गेला होतात.

असो. यंदा घरात काही तळलं नव्हतं. तुमचं वर्ष व्हायचंय, शेजाऱ्यांनी फराळाचे डबे आणून दिले होते. मी ताटावर बसलो आणि मामींनी तुमची पेटी ओढत आणून माझ्यापुढे ठेवली. वसंता वर्ध्याला क्वार्टरमध्ये राहतो, त्याला यातलं काही नको.

“घेऊन जा सगळी,” मामी म्हणाल्या. “आता कोन रुसनार, आन कोनावर?”

पेटी उघडली. लाकूड कोरायच्या पटाश्या, कानशी, लहान रंधा. आणि खाली तो शिकंज्याचा दांडा, करवतीची मूठ! माझ्यासाठी जपून ठेवलेली, का नुसतीच पडलेली? मी हातात घेऊन पाहिली, कान लावून पाहायचंच तेवढं बाकी होतं. काही कळलं नाही.

वरण-भात निवत चालला. पेटी उचलली की सगळं माझं होतं. कितीक वर्षं मला हेच हवं होतं. आणि हात पुढे जाईना. मामींना वाटलं, मी खरंच रुसलो. विचारलं, “आता काय पाह्यजे?”

मग मी मोठी पटाशी उचलली, तिचं पातं मुठीतून उपटून काढलं, पिशवीत टाकलं, आणि मूठ पेटीत ठेवून झाकण लावलं.

मामी पाहत राहिल्या. “आन याची मूठ?”

“पुढच्या दिवाळीले.”

त्यांनी पेटी पायानं खाटेखाली सरकवली आणि भातावर गरम वरण वाढलं.

आता सांगा, बरोबर केलं का मी? येताना वाटलं, मामींना वाट पाहायला कुणीतरी ठेवून आलो. पण कुंदा म्हणते, आईला ती पेटी डोळ्यांसमोर नको झाली असेल, म्हणून तर काढून दिली, आणि मी ती तिच्याच खाटेखाली ठेवून आलो. तिचंही खरं वाटतं. माझे कान सगळीकडे चालतात, मामींच्या गप्प बसण्यापुढे मात्र चालले नाहीत.

एवढा शब्द देतो. दर दिवाळीला दुकानाला कुलूप लावून कुंदाला घेऊन रोहण्याला येईन. पेटी रिकामी झाली तरी येईन. मामींनी ती कुणाला देऊन टाकली, तरी येईन.

एक मात्र काल रात्री कुंदानं सांगितलं, जे तिला इतकी वर्षं माहीत होतं आणि मला नव्हतं. पहिली दिवाळी सोडली, तर दरवर्षी द्यायचं अवजार तुम्ही आमची बस यायच्या आधी, सकाळीच, तेल लावून दारामागे काढून ठेवायचात.

तुमचा जावई,
मनोहर
हिंगणघाट